टीव्हीवरच्या ओळी कोण चालू करून देतं?

नवा टीव्ही बसवायला येणाऱ्या माणसाचं काम ठरलेलं असतं. भिंतीला ड्रिल, ब्रॅकेट, वायरी, वायफाय, रिमोटचा पाच मिनिटांचा डेमो, ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी आणि शेवटी भिंतीवरच्या टीव्हीचा फोटो. तेवढं झालं की अ‍ॅपमधला कॉल बंद होतो आणि गाडी पुढच्या पत्त्याकडे निघते. नाशिकच्या सिडको, सातपूर, पंचवटी भागांत वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाने या यादीत आपले दोन प्रश्न घातले आहेत. ओटीपी मागण्याआधी तो विचारतो, ‘घरात टीव्ही सगळ्यात जास्त कोण बघतं?’ आणि मग, ‘त्यांना नीट ऐकू येतं का? वाचायला कुठली भाषा सोपी जाते?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे एकदम देतात. दुसऱ्याला घरातले एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आजींना जरा कमी येतं.’ हे ‘जरा’ फार फसवं असतं. ज्यांच्यासाठी टीव्ही घेतला त्यांना त्यातलं निम्मं कळत नाही, हे अनेक घरांत वर्षानुवर्षं कुणी मोठ्याने बोललेलं नसतं.

सातपूरच्या एका घरात एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले काका होते. जुन्या गाड्यांत इंजिन चालकाच्या शेजारीच असायचं. त्या घरघरीत त्यांची सारी नोकरी गेली. टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा, की सुनेला स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागे. ‘आवाज येतो हो, पण काय बोलतात ते उमगत नाही,’ ही काकांची तक्रार. घरच्यांना ती हेकटपणाची वाटायची, पण तिच्यामागचं कारण अगदी सरळ आहे. वयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे कान अधू होतो, तेव्हा बहुतेकदा वरच्या पट्टीतले ध्वनी आधी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं त्या पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, पण ‘सार’ म्हणाला की ‘फार’, हे कळत नाही. आवाज वाढवला की आधीच ऐकू येणारे स्वरच आणखी मोठे होतात. त्यात हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून असतात. टीव्ही भिंतीला चिकटवला की आवाज भिंतीवर आपटून आणखी गढूळ होतो.

अशा माणसासाठी पडद्याखाली लिहून येणारी ओळ फार मोलाची असते. पूर्ण ओळ वाचावी लागतेच असं नाही. एखादा निसटलेला शब्द डोळ्यांनी पकडला, की उरलेलं वाक्य कान जुळवून घेतो.

पण ती ओळ आणायची कुठून, इथे खरं काम सुरू होतं. काकांच्या मुलाने ते आधी करून पाहिलं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सबटायटल’ सापडलं, ‘ऑन’ केलं, आणि काहीच झालं नाही. दुकानात फोन केला तर ‘मग चॅनलमध्येच नसेल’ असं उत्तर मिळालं. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते आणि पुन्हा कुणी त्या सेटिंगकडे फिरकत नाही.

तंत्रज्ञ अशा वेळी आधी टीव्हीच्या मागे डोकावतो. कुठली वायर कुठून आली आहे, यावर सगळं अवलंबून असतं. कार्यक्रमाचा सिग्नल जो डबा उलगडतो, त्याच डब्यात ओळी चालू कराव्या लागतात. अँटेनाची वायर थेट टीव्हीत शिरत असेल तर उलगडण्याचं काम टीव्ही करतो आणि तेव्हा टीव्हीचं सेटिंग चालतं. पण आपल्याकडे बहुतेक घरांत डिश किंवा केबलचा सेट टॉप बॉक्स असतो आणि त्याच्यातून एचडीएमआयची वायर टीव्हीत जाते. या वायरीतून टीव्हीला मिळतं ते तयार चित्र आणि तयार आवाज. ओळींची वेगळी माहिती त्या वायरीतून पुढे येत नाही. बॉक्सने ओळ चित्रावर छापून पाठवली तरच ती दिसणार. टीव्हीचं सेटिंग ऑन असो की ऑफ. काठी लावलेली असेल, म्हणजे स्ट्रीमिंग स्टिक, तर काठीचं सेटिंग वेगळं. त्या काठीतल्या प्रत्येक ओटीटी अ‍ॅपचं आणखी वेगळं. एकाच भिंतीवर ओळींची तीन-चार बटणं असतात आणि घरच्यांना त्यातलं एकच ठाऊक असतं.

ही गुंतागुंत नाशिकपुरती नाही. सिडकोतलं एक जोडपं मुलीकडे न्यू जर्सीला गेलं होतं. तिथल्या टीव्हीच्या रिमोटवर ओळींसाठी ‘सीसी’, म्हणजे क्लोज्ड कॅप्शन, असं वेगळं बटण होतं. ते दाबलं, तरी पडद्यावर काही उमटेना. मेन्यूत जाऊन पाहिलं तर कॅप्शनचा पर्याय करड्या रंगाचा, निवडताच येत नव्हता. मुलगी नोकरीवर गेलेली. आजोबांनी नाशिकला तंत्रज्ञाला व्हिडिओ कॉल लावला, कारण त्यांच्या लेखी टीव्हीचा जाणकार तोच. ‘काका, मोबाइल जरा टीव्हीच्या मागे न्या,’ तो म्हणाला. तिथेही एचडीएमआय, तिथेही केबलचा डबा. डब्याचा रिमोट हातात घ्यायला लावून त्याच्या मेन्यूतून कॅप्शन चालू केली, तेव्हा इंग्रजी बातम्यांखाली इंग्रजी ओळी उमटल्या. अमेरिकन उच्चार कानाला न लागणाऱ्या या दोघांना इंग्रजी वाचायला मात्र छान येत होतं. दोघंही शाळेत शिकवून निवृत्त झालेली.

अमेरिकेत रिमोटवर ते बटण आहे, यामागे बराच मोठा इतिहास आहे. १९७२ साली, म्हणजे २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्याच वर्षी, बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांच्या ‘द फ्रेंच शेफ’ या पाककृतींच्या कार्यक्रमाखाली ओळी छापल्या. त्या सगळ्यांनाच दिसत. ज्याला हव्यात त्यालाच दिसाव्यात म्हणून पुढे युक्ती निघाली. तिथल्या चित्रात ५२५ रेषा असत. त्यातली एकविसावी रेषा पडद्यावर दिसत नाही, दोन चित्रांमधल्या रिकाम्या जागेत ती येते. त्या रेषेत दर चौकटीला दोन-दोन अक्षरं लपवून पाठवायची आणि घरी एका डब्याने ती गोळा करून पडद्यावर मांडायची. १९८०च्या मार्चमध्ये असं नियमित प्रक्षेपण सुरू झालं. तो डबा लोकांना सीअर्सच्या दुकानांतून विकत घ्यावा लागे. १९९०च्या कायद्याने हा खर्च संपवला: १ जुलै १९९३पासून तेरा इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ती सोय आतच असली पाहिजे, असा नियम झाला. बहिऱ्या प्रेक्षकांच्या संघटनांनी चिकाटीने लावून धरलं म्हणून हे घडलं. ब्रिटनमध्ये वाट वेगळी होती. तिथे टेलिटेक्स्ट या टीव्हीवरच मजकुराची पानं दाखवणाऱ्या सेवेच्या ८८८ या पानावर ओळी मिळायच्या. बोलणारा बदलला की पांढऱ्याऐवजी पिवळी, आकाशी किंवा हिरवी ओळ येई, म्हणजे कोण बोललं हेही समजे.

हे सगळं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून उभं राहिलं. अमेरिकेच्या त्या जुन्या पद्धतीत एका ओळीत ३२ खणं. एका खणात एक अक्षर. देवनागरीचा काना, वेलांटी आणि जोडाक्षर त्या खणांत बसणं अवघडच. आपल्या डिशच्या सेवा ज्या डीव्हीबी या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीवर चालतात, तिच्यात ओळ छोट्या चित्राच्या रूपात पाठवता येते, त्यामुळे लिपी कोणतीही चालते. पण चित्र असल्यामुळे घरच्या रिमोटने अक्षर मोठं करता येत नाही. याउलट ओटीटी अ‍ॅपमध्ये ओळ बहुधा मजकूर म्हणून येते. तिथे अक्षराचा आकार, रंग, मागची काळी पट्टी हे सगळं बदलता येतं. म्हणून हा तंत्रज्ञ वयस्कर माणसांना ओळी दाखवायची सुरुवात ओटीटीपासून करतो.

आणि दाखवताना तो टीव्हीसमोर उभा राहून दाखवत नाही. आजी रोज जिथे बसतात त्या दिवाणावर, त्यांच्या शेजारी बसतो. टीव्हीपासून दोन फुटांवर सुबक दिसणारं अक्षर बारा फुटांवरून मुंगीएवढं होतं. अक्षर ‘मोठं’ करतो, मग ‘खूप मोठं’. पांढऱ्या अक्षरामागे अर्धपारदर्शक काळी पट्टी लावतो, कारण पांढरा सदरा घातलेल्या नटापुढे पांढरी ओळ गायब होते. मोतीबिंदू असलेल्या काहींना पिवळं अक्षर बरं वाटतं. मग आजींना मोठ्याने वाचायला सांगतो. त्या अडखळल्या तर अक्षर लहान आहे की ओळ पटकन जाते आहे, ते त्याच्या लगेच लक्षात येतं.

एका घरात ओळी चालू होत्या, तरी दिसत नव्हत्या. हे प्रकरण लक्षात राहण्यासारखं आहे. पडद्याच्या तळाशी अक्षरांचे फक्त शेंडे दिसायचे. जणू कुणी ओळ खालून कापून नेली होती. घरच्यांनी टीव्ही बदलून मागण्याची तयारी केली होती. बॉक्स ठीक होता, टीव्हीही ठीक होता. जुन्या चौकोनी आकाराच्या कार्यक्रमांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, त्या आवडत नाहीत म्हणून कुणीतरी चित्राचा आकार ‘झूम’वर ठेवला होता. झूममध्ये चित्र दोन्ही बाजूंना भरतं, पण वरचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर जातो, आणि ओळ नेमकी खालीच असते. आकार ‘१६:९’वर आणला आणि टीव्हीला चित्राच्या कडा कापू न देणारा पर्याय निवडला, तेव्हा पूर्ण ओळ वर आली. तेव्हापासून तो सबटायटलच्या तक्रारीवर गेला की आधी चित्राचा आकार बघतो.

देवनागरीची दुसरी गंमत पेन ड्राइव्हमध्ये आहे. गंगापूर रोडवरच्या एका घरात मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, तेव्हा भावाने रात्री जागून त्यातलं सगळं बोलणं मराठीत लिहून काढलं. उखाणे, मामांची थट्टा, निरोपाच्या वेळचं आईचं बोलणं, सगळं. त्याची एसआरटी फाइल केली. ही साधी फाइल असते: ओळीचा क्रमांक, ती कधी दिसायची आणि कधी जायची ती वेळ, आणि खाली मजकूर. तिचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवलं की टीव्ही ती आपोआप उचलतो. लॅपटॉपवर सगळं उत्तम दिसत होतं. टीव्हीवर मात्र अगम्य चिन्हांची रांग उमटली. भावाचा चेहरा पडला.

इथे दोन वेगळे दोष असू शकतात आणि ते डोळ्यांनी ओळखता येतात. विचित्र चिन्हं दिसत असतील तर फाइल जतन करताना अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकली आहे, किंवा टीव्ही ती चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे. नोटपॅडमध्ये फाइल उघडून ‘यूटीएफ-८’ निवडून पुन्हा जतन करायची. टीव्हीत सबटायटलच्या सांकेतिक पद्धतीचा पर्याय असेल तर तिथेही तेच निवडायचं. पण अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येत असतील, तर टीव्हीच्या त्या प्लेअरकडे देवनागरीचा फॉन्टच नाही. त्याला घरी इलाज नाही. त्या घरात आधी पहिला दोष निघाला. तो दुरुस्त केला तर चौकोन आले. शेवटी लॅपटॉपवरच ओळी कायमच्या व्हिडिओत छापून घेतल्या आणि तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेतला. मग दोघी बहिणींनी शेजारी बसून तो पाहिला. मामांच्या थट्टेवर दोघी एकाच वेळी हसल्या. या कामाचे पैसे कुठल्या कॉलमध्ये लावायचे, हे तंत्रज्ञाला ठाऊक नव्हतं. त्याने ते लावलेही नाहीत.

मेन्यूच्या भाषेचे फोन वेगळ्याच सुरात येतात. ‘दादा, टीव्ही अरबी झालाय!’ सुट्टीत आलेली नातवंडं रिमोटशी खेळतात आणि भाषा बदलून मोकळी होतात. अरबी सगळ्यात गोंधळात टाकते, कारण ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि टीव्हीचा सगळा मेन्यूच आरशात पाहिल्यासारखा उलटतो. उजव्या कोपऱ्यातलं दातेरी चाक डाव्या कोपऱ्यात जातं. फोनवर ‘उजवीकडे जा’ सांगून उपयोग नसतो. म्हणून तो चित्रावरून नेतो: आधी दातेरी चाक, मग पायऱ्या मोजत खाली, मग पृथ्वीचा गोल किंवा अक्षराचं चिन्ह. वेगवेगळ्या मॉडेलचे मेन्यू त्याने इंग्रजीत असतानाचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले आहेत. त्यांच्यावरून कितवी ओळ ते सांगता येतं. भाषांच्या यादीपर्यंत पोचलं की सुटका होते, कारण यादीत प्रत्येक भाषा बहुधा आपापल्या लिपीत लिहिलेली असते. ‘मराठी’ ही तीन अक्षरं दिसली की पलीकडून आजींचा आवाज येतो, ‘सापडलं, सापडलं!’

अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे आणि त्यावर चालणाऱ्या अनेक टीव्हींतही ती निवडता येते. पण टीव्हीचा मेन्यू मराठी केला म्हणजे आतलं सगळं मराठी होत नाही, हे तो आधीच स्पष्ट करतो. बॉक्सचा मेन्यू बॉक्सच्या भाषेत राहतो. ओटीटी अ‍ॅप आपल्या खात्यातली भाषा घेतं. सबटायटलची भाषा तिसरीकडेच ठरते. आवाजाची भाषा आणखी वेगळी. लहान मुलांच्या काही वाहिन्यांवर एकाच चित्राबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू असे अनेक आवाज येतात. बॉक्समध्ये पसंतीचा आवाज बदलला गेला की घरातलं कार्टून अचानक तमिळ बोलू लागतं. पंचवटीतल्या एका घरी याच कारणासाठी नवा बॉक्स मागवला होता. रिमोटवरच्या भाषेच्या बटणाने काम झालं.

एका टीव्हीत घरातल्या दोघांच्या दोन भाषा बसवायच्या असतील तर तडजोड करावी लागते. नातवाला इंग्रजी मेन्यू हवा असतो, आजींना मराठी. अशा घरात तो आजींच्या बाजूने उभा राहतो. त्याचं म्हणणं असं, की नातवाला दोन्ही वाचता येतं, आजींना एकच. दुपारभर घरी एकट्या त्याच असतात.

ओळींची गरज फक्त ऐकू न येणाऱ्यांनाच असते, असंही नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांना १९९६मध्ये अमेरिकेत स्पॅनिश चित्रपट पाहताना सुचलं, की स्पॅनिश बोलण्याखाली स्पॅनिशच ओळी असत्या तर भाषा लवकर आली असती. १९९९मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’मध्ये गुजराती गाण्यांखाली गुजराती ओळी आल्या. पुढे २००२मध्ये ‘चित्रहार’च्या हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी आल्या. ज्यांना जेमतेम अक्षरओळख आहे, ते पाठ असलेलं गाणं गुणगुणता गुणगुणता वाचतात, हा त्यामागचा साधा विचार. सिडकोतल्या घरांत हे या तंत्रज्ञाने पाहिलं आहे. चौथीत शाळा सुटलेल्या एक मावशी ओळींशिवाय आता मालिका बघत नाहीत. वाचनाचा त्यांचा वेग घरच्यांच्या लक्षात येण्याइतका वाढला आहे.

पण त्या मावशींना हवी तशी मालिका सहज मिळत नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी अडचण. इंग्रजी चित्रपटांच्या वाहिन्यांवर इंग्रजी ओळी वर्षानुवर्षं छापलेल्या येतात. मराठी चित्रपटाखाली ओळी असल्या तर त्या बहुधा इंग्रजी असतात. मराठी बोलण्याखाली मराठी ओळ, म्हणजे सातपूरच्या काकांना जी हवी होती ती, शोधावी लागते. २०११च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेली पन्नास लाखांहून अधिक माणसं नोंदली गेली, आणि म्हातारपणामुळे कमी ऐकू येणारी कित्येक माणसं स्वतःला त्यांत मोजतच नाहीत. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात टीव्हीचे कार्यक्रम सांकेतिक भाषेसह किंवा ओळींसह मिळण्याची तरतूद आहे. सप्टेंबर २०१९मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यासाठी मानकंही काढली. एका पिढीला मात्र अशी सोय म्हणून दूरदर्शनचं रविवार दुपारचं मूकबधिरांसाठीचं बातमीपत्र तेवढं आठवतं.

म्हणून सातपूरच्या काकांच्या घरी तंत्रज्ञाने बॉक्सचा सगळा मेन्यू तपासला, सबटायटल चालू केलं, त्यांची आवडती मालिका लावून पाहिली आणि सरळ सांगितलं, ‘काका, तुमचा बॉक्स ठीक आहे, टीव्ही ठीक आहे. हा चॅनल ओळी पाठवतच नाही. सेटिंगमध्ये शोधत बसू नका.’ काकांना वाईट वाटलं, पण मुलाने दोष आपला नाही हे ऐकून सुस्कारा टाकला. मग त्याने काठी लावली, मुलाच्या खात्यातल्या अ‍ॅपमध्ये मराठी ओळी असलेलं काही मिळतं का ते शोधलं. एका चित्रपटाखाली मराठी सापडलं. तो त्याने काकांच्या यादीत टाकला, अक्षर मोठं केलं, काळी पट्टी लावली आणि कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत पायऱ्या लिहून दिल्या: कुठला रिमोट, कुठलं बटण, मग काय. सॉफ्टवेअर अपडेटनंतर एखादं सेटिंग मूळ जागी गेलं तर काय करायचं, तेही खाली लिहिलं. कागद शोकेसच्या काचेला आतून चिकटवला. सुनेने विचारलं, ‘मालिकेचं काय?’ त्यावर तो म्हणाला, ‘चॅनलला पत्र लिहा. काकांच्या नावाने, काकांच्या सहीने. मसुदा मी सांगतो.’ आणि ओटीपी मागायचा राहूनच गेला होता, तो मागण्याआधी त्याने कागद पुढे ओढून पहिलं वाक्य सांगायला सुरुवात केली.